अठरा फुटी स्किफवर पुढच्या खलाशाची जागा: तिघांच्या चमूत काम कसे वाटले जाते?

खाडीवारा

नमस्कार. मी मूळची मुंबईची. शिडाची नौका चालवायला कुलाब्याला शिकले आणि पुढे काही हंगाम ४२० या दोघांच्या नौकेवर, ट्रॅपीझच्या (डोलकाठीपासून येणाऱ्या, खलाशाला नौकेबाहेर लटकून तोल धरू देणाऱ्या) तारेवर उभी राहून शर्यती केल्या. आता नोकरीनिमित्त सिडनीत राहते. डबल बे येथील अठरा फुटी स्किफच्या (शर्यतीच्या हलक्या, वेगवान शिडाच्या नौकेच्या) एका चमूतला पुढचा खलाशी येत्या हंगामात नसणार आहे आणि त्याच्या जागी येण्याविषयी त्या चमूने मला विचारले आहे. सुकाणू धरणारा आणि मधला खलाशी हे दोघेही या नौकांवर वर्षानुवर्षे एकत्र आहेत. मी मात्र या नौका आजवर काठावरूनच पाहिल्या आहेत.

होकार देण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तिघांपैकी पुढच्या खलाशाचे काम केवळ सांगितलेला दोर ओढण्याचे असते, की नौकेच्या निर्णयांतही त्याचा वाटा असतो? ४२० वर मी जे शिकले, त्यातले काय इथे उपयोगी पडेल आणि काय विसरावे लागेल? शिवाय, या नौका वाऱ्यापेक्षाही वेगाने जातात आणि वेग कमी झाला की उलटतात, असे दोघांनीही मला सांगितले. यातला दुसरा भाग मला नीट उमगलेला नाही. आमच्या ४२० वर वारा वाढला की शीड सैल सोडून नौका हळू करणे हाच सुरक्षित मार्ग होता. इथे तो धोक्याचा का ठरतो? ज्यांनी अशा नौकांवर छोट्या चमूत शर्यती केल्या आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मधला खलाशी

नमस्कार खाडीवारा. मी सिडनीतच असतो आणि अठरा फुटी स्किफवर मधल्या खलाशाचे काम करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या नौकेच्या घडणीतच आहे, म्हणून थोडे मागे जातो. मार्क फॉय नावाच्या व्यापाऱ्याने १८९२ साली सिडनीच्या बंदरात या नौकांच्या शर्यती सुरू केल्या. काठावरच्या आणि फेरीबोटींतल्या प्रेक्षकांना नौका ओळखता याव्यात म्हणून त्याने शिडांवर रंगीत चिन्हे लावायला लावली. त्या काळच्या नौका लाकडी आणि रुंद होत्या आणि त्यांवर दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक माणसे असत, कारण एवढ्या मोठ्या शिडांना तोलून धरायला माणसांचे वजन हाच एक उपाय होता. पुढे ट्रॅपीझ आले, हलके सांगाडे आले, नौकेच्या दोन्ही बाजूंना जाळीचे पंख आले. तारेवर उभ्या राहिलेल्या माणसाचे वजन नौकेच्या मध्यापासून इतके दूर जाऊ लागले की तीन माणसे पुरेशी ठरली. शिडे मात्र त्या प्रमाणात लहान झाली नाहीत. थोडक्यात, पूर्वी डझनभर माणसांत वाटलेले काम आज तिघांकडे आहे, आणि म्हणूनच नुसत्या वजनासाठी किंवा नुसत्या आज्ञापालनासाठी घेतलेला माणूस या नौकेवर परवडत नाही.

आता कामाची वाटणी सांगतो. वारा येतो त्या बाजूकडे चढताना तिघेही तारेवर असतात, सुकाणूवालासुद्धा. लांब दांड्याने तो सुकाणू चालवतो. मुख्य शिडाचा दोर मधल्या खलाशाच्या हातात असतो आणि जिबचा, म्हणजे पुढच्या लहान शिडाचा, दोर पुढच्या खलाशाकडे असतो. नौका सपाट ठेवण्याचे काम सुकाणू आणि मुख्य शीड मिळून करतात. वाऱ्याचा झोत आला की मी दोर थोडा सोडतो आणि त्याच क्षणी सुकाणूवाला नौकेला वाऱ्याकडे किंचित वळवतो. ही जोडी जमायला वेळ लागतो, आणि तुमच्या चमूत ती आधीच जमलेली आहे, हे तुमचे भाग्य समजा. वाऱ्याकडचा बोया (शर्यतीचा मार्ग दाखवणारी तरंगती खूण) ओलांडला की पुढचा खलाशी आत येऊन स्पिनेकर, म्हणजे खाली उतरताना लावायचे मोठे फुगीर शीड, चढवतो आणि पुन्हा तारेवर जातो. स्पिनेकरचा दोर मधला खलाशी घेतो. मुख्य शिडाचा दोर त्या वेळी कोणाकडे जाईल, हे प्रत्येक चमू आपापले ठरवतो. खालच्या बोयापाशी स्पिनेकर उतरवून आवरण्याचे कामही पुढच्या खलाशाचेच. शर्यतीत स्थाने बदलतात ती बहुतेक या दोन बोयांपाशी, त्यामुळे पुढच्या खलाशाचे हात आणि पाय किती स्थिर आहेत, यावर निकाल ठरताना मी अनेकदा पाहिला आहे.

वेगाविषयी तुम्ही विचारलेला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, तेव्हा तो आकड्यांनी मांडतो. समजा, खरा वारा १२ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आहे आणि नौका वाऱ्याकडे पाठ करून, नौकेच्या पुढच्या टोकापासून, म्हणजे नाकापासून, १३५ अंशांवर वारा ठेवून, १६ नॉटने तिरकी उतरते आहे. नौकेच्या स्वतःच्या गतीमुळे समोरून येणारा वारा आणि खरा वारा यांची बेरीज केली, तर नौकेवरच्या माणसाला सुमारे ११ नॉटचा वारा भासतो आणि तो मागून न येता पुढच्या बाजूने, नाकापासून पन्नासएक अंशांवरून येतो. शिडे या भासणाऱ्या वाऱ्यासाठी ओढून घेतलेली असतात. आता नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेत घुसली आणि वेग एकदम ६ नॉटवर आला, असे धरा. खरा वारा तोच आहे, पण भासणारा वारा आता आडव्याच्याही मागून, १०५ अंशांच्या आसपासून येऊ लागतो. पन्नास अंशांसाठी ओढलेल्या शिडाला तो जवळजवळ काटकोनात धडकतो, नौकेला पुढे ढकलण्याऐवजी आडवे पाडतो, आणि तिघेही सावरण्यापूर्वी नौका पाण्यात आडवी झालेली असते. वेग टिकला तर वारा पुढून येत राहतो आणि शिडावरचा आडवा भार आवाक्यात राहतो. सायकल चालती असली की तोल आपसूक राहतो, तसेच हे आहे.

हेच गणित झोताच्या वेळीही लागू पडते. नौका १६ नॉटवर असताना खरा वारा १२ वरून १८ नॉटवर गेला, तर भासणारा वारा ७५ अंशांपर्यंत मागे सरकतो. त्यामुळे स्पिनेकर वर असताना झोत आला की सुकाणूवाला नौका वाऱ्यापासून दूर, खाली वळवतो आणि मी स्पिनेकरचा दोर थोडा सोडतो. नौका वेग घेते, भासणारा वारा पुन्हा पुढे येतो आणि मग दोर परत ओढून घेता येतो. वारा पडला की याच्या उलट, वेग राखण्यासाठी नौका वर, म्हणजे वाऱ्याकडे, वळवावी लागते. ४२० वर घाबरून वाऱ्याकडे वळण्याची जी सवय लागते, ती इथे स्पिनेकर चढलेला असताना नौका उलटवते. विसरायचे ते हेच.

कोकणकिनारा

वरच्या उत्तरात जाणकाराने लिहिलेले सर्व मला मान्य आहे. मी अठरा फुटीवर कधी चढलेलो नाही. मी मुंबईत २९अर या दोघांच्या छोट्या स्किफवर शिकलो आणि नंतर तिच्याहून मोठ्या ४९अरवर शर्यती केल्या, म्हणून दोघांच्या चमूच्या बाजूने लिहितो. ४९अर ही नौका ज्युलियन बेथवेट यांनी बनवली. तिची लांबी ४.९९ मीटर आहे, नाव त्यावरूनच पडले, आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. अठरा फुटीचीच ही धाकटी बहीण. तिच्यावर दोघेही तारेवर असतात. महिलांसाठी कमी शिडाची ४९अरएफएक्स ही जोडनौका २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आली. मार्टिन ग्राएल आणि काहेना कुन्झे या ब्राझीलच्या जोडीने तिथे आणि पुढे टोकियोतही सुवर्णपदक मिळवले. आपल्याकडे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर यांनी याच नौकेवर रौप्यपदक जिंकले, तर ४९अरवर वरुण ठक्कर आणि के. सी. गणपती यांनी कांस्यपदक. पुढे वरुण आणि गणपती टोकियो ऑलिंपिकमध्येही उतरले. मराठी वर्तमानपत्रांतून या खेळाविषयी इतके थोडे येते की ही नावे अनेकांना ठाऊक नसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर मला भर घालायची आहे. दोघांच्या नौकेवर सुकाणूवाल्याची नजर शिडावर, लाटेवर आणि नौकेच्या कलावर खिळलेली असते. पाण्याकडे, म्हणजे पुढचा झोत कुठे आहे, इतर नौका कुठे वळत आहेत, बोया किती लांब आहे, याकडे पाहणे हे दुसऱ्याचे काम असते. ‘पाच सेकंदांत झोत’, ‘इथे वारा पडतो आहे’, ‘डावीकडची नौका वळली’, एवढ्याच छोट्या वाक्यांत ते सांगावे लागते. अठरा फुटीवर पुढचा खलाशी सर्वांत पुढे, सर्वांत मोकळ्या दृष्टीने उभा असतो, त्यामुळे हे काम स्वाभाविकपणे त्याच्याकडे यावे. चमूने तुम्हाला नुसते ऐकायला सांगितले, तर पाण्याविषयी बोलण्याची जबाबदारी तुम्ही स्वतःहून मागून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र नौकेविषयी, म्हणजे सुकाणू कुठे वळवायचे याविषयी, शर्यत चालू असताना बोलू नये. ती चर्चा काठावर करावी.

छोट्या चमूचा विचार करताना मला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या, चिंगदाओला झालेल्या नौकाशर्यती नेहमी आठवतात. ४९अरची पदकशर्यत, म्हणजे आघाडीच्या नौकांचीच शेवटची शर्यत, जोरदार वाऱ्यात होणार होती आणि सुवर्णपदकाच्या अगदी जवळ असलेल्या योनास वारर आणि मार्टिन किर्केटर्प या डॅनिश जोडीच्या नौकेची डोलकाठी शर्यतीआधीच मोडली. पदकशर्यतीत नसलेल्या क्रोएशियाच्या जोडीने आपली नौका त्यांना दिली. डॅनिश जोडी सुरुवातीची रेषा ओलांडण्याची मुदत संपता संपता पोहोचली, अनोळखी मांडणीच्या नौकेवर त्या खवळलेल्या पाण्यातून शर्यत पुरी केली, सातवी आली आणि सुवर्णपदक जिंकली. नौका बदलल्याबद्दल आक्षेप घेतले गेले, प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेले, पण निकाल कायम राहिला. नौका देणाऱ्या पावले कोस्तोव आणि पेतार त्सुपाच यांना पुढे खिलाडूवृत्तीसाठीच्या पिएर द कूबर्तँ पदकाने गौरवण्यात आले. इतर अनेक नौका त्या दिवशी उलटत होत्या. डॅनिश जोडी दुसऱ्यांच्या नौकेवरही टिकली, कारण कोणता दोर कोणी, कधी, किती सोडायचा, हे त्यांच्यात बोलल्याशिवाय ठरलेले होते, असे माझे मत आहे. ही समज जमिनीवरच्या सरावातून येते. नौका काठावर गाडीवर उभी करून टॅक आणि जाइबमधले (वारा नौकेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेण्याच्या दोन वळणांतले) प्रत्येक पाऊल तिघांनी एकत्र, हळू, पुन्हा पुन्हा करावे.

दर्यावर्दी

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. सुरक्षेविषयी मात्र कोणी लिहिले नाही, म्हणून तेवढेच लिहितो. उलटलेल्या स्किफवर सर्वांत मोठा धोका असतो तो दोरांत आणि तारेत अडकण्याचा. हार्नेसचा (तारेला अडकवायच्या कमरेच्या पट्ट्याचा) हूक एका हाताने, पाण्याखाली, डोळे मिटूनही सुटतो का, हे आधी उथळ पाण्यात पाहावे. दोर कापण्याची बोथट टोकाची सुरी छातीपाशी, दोन्ही हातांना पोहोचेल अशी ठेवावी. नौका उलटल्यावर सर्वप्रथम तिघांनी मोठ्याने एकमेकांना साद घालायची आणि तिन्ही आवाज ऐकू आल्याशिवाय नौकेला हात लावायचा नाही, असा नियम चमूत करून घ्यावा. शिवाय सिडनीच्या बंदरात फेरीबोटींची ये-जा सतत असते आणि त्यांना वळायला व थांबायला बराच वेळ लागतो. उलटलेली नौका त्यांच्या वाटेत असेल, तर सोबतच्या मोटारबोटीला हाक मारण्यात संकोच करू नये.

खाडीवारा

आपणा तिघांचेही मनापासून आभार. आकड्यांचे स्पष्टीकरण वाचून मी कागदावर बाण काढून पाहिले आणि झोताच्या वेळी खाली वळण्याचे कारण पहिल्यांदाच नीट समजले. चमूशी काल बोलणे झाले. पाण्याकडे पाहून बोलण्याचे काम माझ्याकडे द्यायला दोघेही तयार आहेत आणि हंगामापूर्वी मी काही आठवडे २९अरवर सराव करावा, असे त्यांनी सुचवले आहे.

एक प्रश्न उरतो. वाऱ्याकडचा बोया ओलांडून खाली वळताना जोराच्या वाऱ्यात सर्वाधिक नौका उलटतात, असे दोघेही म्हणाले. त्या वळणात पुढच्या खलाशाने नेमके काय करावे?

मधला खलाशी

तुमच्या चमूने अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे. चढताना वारा पुढून येत असतो आणि शिडावरचा भार दोर सोडून कमी करता येतो. पूर्ण खाली वळल्यावर नौका वेगाने पळू लागते आणि भार पुन्हा आटोक्यात येतो. या दोहोंच्या मध्ये, वारा आडवा असतानाच्या थोड्या क्षणांत, शिडांची ताकद सर्वाधिक असते आणि ती ताकद उंचावरून, डोलकाठीवाटे, नाळेला पाण्यात दाबते. तिथे रेंगाळलेली नौका पालथी होते. म्हणून ते वळण एकाच ओघात, न थबकता पूर्ण करायचे असते.

बोया येण्यापूर्वीच तिघेही तारेवरूनच पंखाच्या मागच्या टोकाकडे सरकतात. तुम्ही तिघांत सर्वांत पुढे असता, म्हणून तुम्ही जितक्या मागे याल तितकी नाळ उचललेली राहील. मागे सरकण्याची सुरुवात बोयापाशी पोहोचल्यावर केली तर उशीर होतो. सुकाणूवाला वळवू लागला की मी मुख्य शिडाचा दोर वळणाच्या वेगाने सोडतो. फार लवकर सोडला तर नौका वाऱ्याच्या बाजूला, आपल्याच अंगावर कलते आणि तिघेही पाण्यात बुडतात, उशिरा सोडला तर ती दुसऱ्या अंगावर जाते आणि सुकाणू पाण्याबाहेर येऊन निकामी होते. या काळात तुमचे काम म्हणजे तारेवर खंबीर उभे राहणे, मागचा पाय घट्ट रोवणे आणि आत येण्याची घाई न करणे. नवा पुढचा खलाशी स्पिनेकर चढवण्याच्या विचाराने वळण अर्धे असतानाच आत येतो. त्याचे वजन पंखावरून नाहीसे झाले की राहिलेले दोघे नौका धरून ठेवू शकत नाहीत. नौका पूर्ण खाली वळली, सपाट झाली, नाळ मोकळी दिसू लागली आणि सुकाणूवाल्याने सांगितले, की मगच आत यावे. तोवर दोन-तीन नौका आपल्यापुढे स्पिनेकर चढवताना दिसल्या तरी चालेल.

शिडांचा संच निवडतानाही याच वळणाचा विचार करावा. प्रत्येक चमूकडे वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी लहान-मोठे संच असतात आणि सर्वांत मोठ्या संचाची डोलकाठी दहा मीटरच्या आसपास असते. एकदा पाण्यात उतरल्यावर संच बदलता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी ईशान्येचा वारा सुटतो आणि शर्यतीच्या वेळेपर्यंत वाढत जातो, आणि काठाजवळ तो खाडीच्या मध्यापेक्षा कमी भासतो. फार उष्ण दिवस असेल, तर दक्षिणेचा वारा अचानक येऊन दिशाच फिरवतो. त्या दिवशी मोठ्या संचाचा मोह पडला, तर तुम्ही नव्या आहात म्हणून गप्प राहू नका. निवड शेवटी सुकाणूवाल्याची असली, तरी बोयापाशी वजन घेऊन उभे राहायचे तुम्हालाही आहे.

आणि हंगाम सुरू झाला की पहिल्या काही रविवारी, शक्य असेल तर, शर्यतीसोबत जाणाऱ्या प्रेक्षकांच्या फेरीबोटीवर बसून जा. वाऱ्याकडच्या बोयापाशी नौका येतील तेव्हा फक्त पुढच्या खलाशाच्या पायांकडे पाहा. तो कधी मागे सरकतो, किती मागे जातो आणि कोणत्या क्षणी आत येतो, हे दहा नौकांवर ओळीने पाहिले, की चांगल्या आणि घाईच्या वळणातला फरक तुम्हाला आमच्या कोणाच्याही लिखाणापेक्षा लवकर कळेल.